कर्करोगाच्या रुग्णासाठी वर्गणी : पैसा नेमका कुठे कमी पडतो?



सोलापुरात बुधवार पेठेपासून कुमठा नाक्यापर्यंत आपल्या कुठल्याही वस्तीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून पाहा. महिन्या-दोन महिन्यांत एक निरोप ठरलेला असतो. खाटेवर झोपलेल्या माणसाचा फोटो, खाली ‘कॅन्सरशी झुंज’ अशी ठळक ओळ, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाचे तिरके काढलेले चित्र आणि शेवटी क्यूआर कोड. आपण शंभर-दोनशे रुपये पाठवतो, निरोप आणखी चार ग्रुपवर ढकलतो, ‘लवकर बरे व्हा’ असे लिहितो. पुढे काय झाले ते बहुतेक वेळा कळतच नाही. कळते ते एकदम शोकसंदेशातून.

असे निरोप आम्हीही लिहिले आहेत, विहारात वंदनेनंतर डबा फिरवला आहे, पगाराच्या दिवशी यंत्रमागाच्या कारखान्यांच्या दारात उभे राहिलो आहोत. त्यामुळे हा लेख कुणाला दोष देण्यासाठी नाही. समाज पैसे देत नाही, ही तक्रार आम्हाला मान्य नाही. विड्या वळणारी बाई दिवसाच्या मजुरीतून वीस रुपये काढून देते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अडचण वेगळीच आहे. पैसा चुकीच्या वेळी आणि चुकीच्या ठिकाणी जातो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या तोंडातली जखम दोन महिने भरेना. मिश्रीची सवय जुनी. स्वतः विड्या वळायच्या, घरधनी यंत्रमागावर. तपासणीत कर्करोग निघाला. आठ दिवसांत आम्ही एकसष्ट हजार रुपये जमवले आणि मोठ्या समाधानाने त्यांच्या हाती दिले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयाने अनामत मागितली, त्यात ती सगळी रक्कम गेली. नंतर कळले की तेच रुग्णालय सरकारी योजनेच्या यादीत होते आणि ताईंकडे केशरी शिधापत्रिका होती. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली आणि खरा खर्च तिथून पुढे सुरू झाला. रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज जायचे, असे सहा-सात आठवडे. परगावी खोली, दोघांचे जेवण, रिक्षा. घरधन्याचा माग बंद, म्हणजे घरात येणारी दमडीही बंद. तिसऱ्या आठवड्यात ताई म्हणाल्या, “आता बास, घरी जाऊ.” आम्ही पुन्हा ग्रुपवर लिहिले, तर हात जोडलेल्या चिन्हांपलीकडे फारसे काही आले नाही. लोक एकदा देतात, त्याच माणसासाठी दुसऱ्यांदा देणे त्यांना जड जाते. उपचारात बारा दिवसांचा खंड पडला. पुढे तो पूर्ण झाला, पण ताई आज आपल्यात नाहीत. खंड पडला म्हणूनच असे झाले, असा दावा कुणी डॉक्टर करणार नाही आणि आम्हीही करत नाही. मात्र रेडिएशनमध्ये खंड पडू नये, हे प्रत्येक डॉक्टर बजावून सांगतो. तो खंड औषधासाठी पडला नव्हता. खोलीभाड्यासाठी पडला होता.

बिलाच्या बाहेरचा खर्च

कर्करोगाचा खर्च म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचे बिल येते. पण एखाद्या घराची वही घेऊन बसलात, तर खर्चाचे चार टप्पे दिसतात आणि बिल त्यातला एकच टप्पा असतो.

पहिला टप्पा निदानापूर्वीचा. गल्लीतल्या डॉक्टरचे मलम, मग दाताचा डॉक्टर, मग रक्ततपासण्या, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. हा पैसा बहुधा खिशातूनच जातो, कारण रोगाचे नाव कागदावर येईपर्यंत योजनेचे दार नीट उघडत नाही. गरीब माणूस नेमका इथेच अडतो. दोन हजारांची तपासणी ‘पुढच्या पगाराला’ ढकलली जाते आणि पुढच्या पगाराला घरात दुसरेच काही निघते. तेवढ्यात गाठ वाढते. वर्गणीचा निरोप मात्र या टप्प्यात कधीच निघत नाही, कारण अजून ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारलेला नसतो. आमच्या मते समाजाच्या पैशाची सर्वांत मोठी किंमत इथे आहे. इथले दोन हजार रुपये पुढच्या दोन लाखांपेक्षा जास्त काम करतात.

दुसरा टप्पा उपचाराचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

तिसरा टप्पा उपचाराच्या आजूबाजूचा. केमोथेरपी बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने चालते. दर वेळी रुग्णासोबत एक माणूस लागतो आणि त्या माणसाचाही रोज बुडतो. हातावर पोट असलेल्या घरात एकाच्या आजाराने दोघांची कमाई थांबते. मुलांची फी, गटाचा हप्ता, भाडे हे थांबत नाहीत. घरातली मोठी मुलगी शाळा सोडून स्वयंपाकाला लागते. हे कुठल्याही अंदाजपत्रकात नसते, म्हणून त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकता येत नाही.

चौथा टप्पा उपचारानंतरचा. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर काही जणांना महिनोन्महिने नळीतून पातळ अन्न द्यावे लागते. आतड्याच्या रुग्णाला पोटावर लावायच्या पिशव्या लागतात आणि त्या संपत राहतात. फेरतपासणीला ठरल्या तारखेला जावे लागते. जिथे उपचाराने आता बरे होणार नाही असे डॉक्टर सांगतात, तिथे वेदना कमी करणारी औषधे आणि घरी येऊन पाहणारे कुणीतरी लागते. या टप्प्याला वर्गणी तर नसतेच, पाहुणेही कमी झालेले असतात.

बिल योजनेवर टाका

ज्या खर्चाची जबाबदारी सरकारने घेतली आहे, तो समाजाच्या वर्गणीतून करू नये. आपले पैसे त्यासाठी नाहीत.

राज्यात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत सोलापूर होते. २०१७ पासून तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते आणि ते पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरते होते. आता ते पाच लाखांचे आहे आणि सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन तिन्ही त्यात येतात. म्हणजे ताईंचे बिल त्या वेळीही योजनेत बसत होते आणि आज तर जास्तच बसले असते.

योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी त्याच्याकडे जायचे, एवढे एक वाक्य आपल्या प्रत्येक घराला पाठ झाले पाहिजे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तपासणीचे कागद त्याला दाखवायचे. मंजुरी आधी घ्यावी लागते. आधी पैसे भरले आणि नंतर योजना आठवली, तर ते पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. अनामत मागितलीच तर पावतीवर कशासाठी ते लिहून मागायचे. कुठे गाडी अडली तर योजनेचा मोफत क्रमांक १५५३८८ आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा १४५५५ आहे.

सगळ्यात जास्त अडथळा कुठे येतो, हे आम्ही अनुभवावरून सांगतो. शिधापत्रिकेत. सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डात, आधारवर ‘कांबळे’ची वेलांटी वेगळी, म्हाताऱ्या आईचे नाव वेगळे कार्ड काढताना गळालेले. निरोगी घरात या चुका कुणाला दिसत नाहीत. रोग निघाल्यावर त्या दुरुस्त करायला तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि तेवढे दिवस गाठ थांबत नाही. हे काम आधी करून ठेवण्यासारखे आहे आणि त्याला वर्गणी लागत नाही.

योजनेत न बसणारा खर्च असेल तर मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. त्याला उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांच्या सहीचे अंदाजपत्रक लागते. धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा उपकार नाही, कायदा आहे, आणि तो मागायला लाजायचे कारण नाही. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटून तसे सांगायचे. नोंदीत विडी कामगार आणि नोंदीत बांधकाम कामगार यांच्या कल्याण योजनांतही गंभीर आजाराच्या मदतीची तरतूद आहे. आपल्या सोलापुरात ज्या बायका वर्षानुवर्षे विड्या वळतात, त्यांच्यापैकी किती जणींचे ओळखपत्र डब्यात नीट ठेवलेले आहे, ते एकदा घरोघरी विचारून पाहा.

रेल्वेची सवलतही माहीत असावी. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या डब्यात पूर्ण भाडे माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र तिकीट खिडकीवर द्यायचे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सकाळी परळच्या टाटा रुग्णालयात पोहोचणारी कितीतरी माणसे जनरलच्या डब्यात उभ्याने जातात, आणि कारण एवढेच की हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

संघाची जबाबदारी

विनयपिटकात महावग्गातला एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासोबत विहारात फिरत असताना तिथे आले. तुझी सेवा करणारा कुणी नाही का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, नाही. का नाही, तर मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग भिक्खूसंघाला एकत्र बोलावून बुद्धांनी विचारणा केली. तुमची काळजी घ्यायला इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची इच्छा आहे त्याने आजाऱ्याची करावी, असे ते म्हणाले.

हा प्रसंग वर्षावासात आपण ऐकतो आणि ‘किती करुणा’ म्हणून पुढे जातो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सेवा कुणी करायची याचा क्रम तिथे ठरवून दिला आहे. आधी उपाध्याय, आचार्य, मग शिष्य, सहाध्यायी. यांपैकी कुणी नसेल तर संघाने करायची. न केल्यास दोष संघाला लागतो. म्हणजे आजाऱ्याची सेवा कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेली नाही, तिला नियमात बांधले आहे. आपल्याकडे मात्र ती अजून ‘कुणाला पाझर फुटला तर’ यावरच चालते. ज्याचा फोटो केविलवाणा, ज्याच्या नातेवाइकाला मोबाइल नीट चालवता येतो, ज्याचे चार कार्यकर्त्यांशी बरे आहे, त्याला पैसा मिळतो. गप्प माणूस राहून जातो. ‘मी कुणाच्या उपयोगाचा नाही’ असे म्हणणारा तो भिक्खू आजही आपल्या गल्लीत आहे.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. काय मानवेल आणि काय मानवणार नाही ते कळावे. लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी उचलताना किळस नसावी. आणि वेळोवेळी धम्माच्या शब्दांनी रुग्णाला धीर देता यावा. यात पैसा कुठेच नाही. आपल्या उपासक-उपासिकांपैकी ज्यांना दान देणे शक्य नाही, त्यांनी हे पाचही वाचावेत. रेडिएशनच्या रांगेत दिवसभर रुग्णासोबत बसून घरधन्याला त्याच्या मागावर पाठवणारा एक निवृत्त माणूस त्या घराचा दिवसाचा रोज वाचवतो.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले होते. कुणी म्हणेल, तो धम्मप्रसारासाठी होता, दवाखान्यासाठी नव्हे. मान्य. पण महावग्ग वाचल्यावर आजाऱ्याची सेवा धम्मकार्याच्या बाहेर कशी काढायची, हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगावे.

खोलीचे महत्त्व सोलापूरला नवे नाही

बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. जिवाप्पा ऐदाळे यांनी ते सांभाळले आणि सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. शाळा तर होत्याच. पण परगावच्या मुलाला डोके टेकायला जागा नसेल तर शाळेचा उपयोग काय, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि ती १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्याच गाडगेबाबांच्या नावाची मुंबईत दादरला धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात.

रुग्णालयाला मुलाच्या शाळेच्या जागी ठेवून पाहा. उपचार योजनेतून फुकट मिळतो, पण राहायला जागा नाही म्हणून तो अर्धवट राहतो. खेड्यातून सोलापूरला किंवा बार्शीला येणाऱ्या रुग्णासाठी विहाराशेजारची एक खोली, दोन खाटा आणि स्वयंपाकाचा गॅस एवढी सोय ज्या वस्तीला करता येईल, तिने क्यूआर कोडपेक्षा मोठे काम केले असे आम्ही समजू. अनेक विहारांत वरचा मजला सणासुदीशिवाय कुलूपबंदच असतो.

बार्शीचा धडा

सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. अभिनेत्री नर्गिस १९८१ मध्ये कर्करोगाने गेल्या. तालुक्याच्या गावात असे रुग्णालय उभे राहणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण आम्हाला सांगायचे आहे ते इमारतीबद्दल नाही. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावे त्यात घेतली. शहरात रुग्णालयांच्या वह्या पाहून रुग्ण मोजता येतात. खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, तर मोजणार कुणाला? म्हणून कर्मचारी गावोगाव गेले, लोकांना जमवून लक्षणे सांगितली, घरोघरी विचारपूस केली, संशय आला त्याला तपासणीला यायला लावले. काही वर्षांत असे दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या बायका येत होत्या, त्यांच्यात लवकरच्या टप्प्यावर येणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नुसते जाऊन बोलल्याने.

पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या डॉक्टरांनी टाटा रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्थेसोबत मोठा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक बायका. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली गेली नव्हती, यावर नंतर टीका झाली. आम्हाला ती रास्त वाटते, कारण तुलनेसाठी तपासणीविना राहिलेल्या त्या बायका आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या. पण त्यांच्यामुळे जगाला जे कळले, ते शेजारच्या सोलापूरला तरी उपयोगी पडावे.

आज तिशीच्या वरच्या माणसांची तोंडाची, आणि स्त्रियांची स्तनाची व गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. गर्भाशयमुखाच्या एका तपासणीत तर पातळ केलेले अॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून डोळ्यांनी पाहतात. काही मिनिटांचे काम. तरी बायका जात नाहीत. अंगावरून पांढरे जाते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, हे नवऱ्याला सांगायची लाज, सासूला सांगायची भीती. महावग्गात शुश्रूषेला सोप्या रुग्णाचेही गुण दिले आहेत. त्यातला एक म्हणजे आजार जसा आहे तसा सेवकाला सांगणे. पण सांगायला समोर कुणी विश्वासाचे हवे. आमच्या भागातल्या महिला मंडळाने दहा-बारा जणींना एकत्र जीपने नेले, तेव्हा ज्या एकट्या कधी गेल्या नसत्या त्या हसतखेळत गेल्या. जीपचे भाडे वर्गणीतून दिले. वर्गणीचा इतका चांगला उपयोग आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

पुरुषांचे तर विचारूच नका. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि कोणत्या टपरीवर मिळतो हे सहावीतल्या पोरालाही माहीत आहे. जयंतीच्या मिरवणुकीत मावा चोळत बाबासाहेबांचा जयघोष करणाऱ्यांना आम्ही काय सांगणार! पण तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट न सोसणे, तीन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही असेल तर मलम न लावता दाखवायला जा, एवढे तरी मंडळाच्या फलकावर लिहिता येईल.

हिशेब आणि इभ्रत

वर्गणी कमी होण्याचे एक कारण अविश्वास आहे, आणि तो अगदी निराधार नाही. एकाच फोटोवर दोन वेगवेगळे क्रमांक फिरताना आम्ही पाहिले आहेत. म्हणून काही पथ्ये आम्ही पाळतो. पैसा एका माणसाच्या फोनवर न घेता दोघांच्या सहीच्या खात्यात घ्यायचा. शक्य तिथे रुग्णालयाला, औषध दुकानाला, खोलीमालकाला थेट द्यायचा. एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने द्यायचा, म्हणजे सहाव्या आठवड्यातही काही शिल्लक राहते. उरलेला पैसा कुणाला जाईल हे गोळा करण्याआधीच सांगायचे, कारण माणूस गेल्यावर तो प्रश्न विचारणे फार वाईट दिसते. नोंदणी नसलेल्या मंडळाने सार्वजनिक वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाला कलम ४१ क प्रमाणे कळवावे लागते. जयंतीच्या वर्गणीसाठी मंडळे हे करतातच, त्यामुळे वाट ओळखीची आहे. इंटरनेटवरच्या निधी संकलन संस्थांकडे जायचे असेल तर त्या किती कापून घेतात आणि देणगीदाराकडून ‘टिप’ म्हणून काय उचलतात, ते आधी वाचावे.

हिशेब जाहीर करावा, माणूस नव्हे. केस गेलेल्या बाईचा फोटो तिला न विचारता शंभर ग्रुपवर जातो आणि ती बरी होऊन परत आली तरी तो फिरतच राहतो. पुढे तिच्या मुलीच्या सोयरिकीत कुणीतरी तो दाखवतो. हे घडलेले आहे. त्यामुळे आम्ही आता फोटो टाकत नाही. ‘मिलिंदनगरातील एक उपासिका, उपचाराचा तिसरा महिना, खोली आणि प्रवासासाठी अमुक रुपये हवेत’, एवढेच लिहितो आणि पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर जमाखर्च लावतो. पैसे थोडे कमी येतात, हे खरे आहे. पण सहा महिने येत राहतात. आणि कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही, हेही त्याच फळ्यावर लिहून ठेवले आहे. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांच्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवलेला पाहिला की आम्हाला बोलल्यावाचून राहवत नाही.

आता पुढच्या पौर्णिमेपासून वंदनेनंतर तासभर विहाराच्या ओसरीवर टेबल मांडतो आहोत. शिधापत्रिका, आधार आणि असल्यास विडी कामगाराचे ओळखपत्र घेऊन या. नावे जुळतात का ते तपासून देऊ. चुकले असेल तर अर्ज भरून देऊ. रोग नसला तरी या, किंबहुना नसतानाच या. टेबलावर त्या ताईंचे घरधनी बसणार आहेत. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो, ते त्यांना तोंडपाठ आहे.